कॉपीचा संशय ते निर्णयाचे पत्र : ग्रामीण महाविद्यालयातील परीक्षा केंद्रासाठी सविस्तर मार्गदर्शन

विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे एखादे कॉपी प्रकरण येते, तेव्हा समितीच्या सदस्यांनी ती वर्गखोली पाहिलेली नसते, तो विद्यार्थी पाहिलेला नसतो आणि त्या वेळी खोलीत कोण कुठे उभे होते हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्यापुढे असतात ते केवळ केंद्रावरून आलेले कागद. त्यामुळे प्रकरणाचा निकाल न्याय्य लागेल की नाही, हे बऱ्याच अंशी विद्यापीठाच्या सभागृहात नव्हे, तर केंद्रावर संशय आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरते. पर्यवेक्षकाने काय पाहिले हे लिहिले असेल तर दोषी सुटत नाही आणि निर्दोष अडकत नाही. त्याला काय वाटले एवढेच लिहिले असेल, तर दोन्ही गोष्टी घडू शकतात.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ किंवा मेळघाटातील तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयांचे पर्यवेक्षक, केंद्राधिकारी आणि अंतर्गत समितीचे सदस्य यांच्यासाठी हा लेख आहे. नागपूर, अमरावती आणि २०११ मध्ये स्थापन झालेले गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ यांचे अध्यादेश, नमुने आणि शिक्षेचे तक्ते वेगवेगळे असू शकतात. म्हणून आपल्या विद्यापीठाच्या अध्यादेशाची छापील प्रत परीक्षा सुरू होण्यापूर्वीच केंद्राच्या खोलीत ठेवावी. प्रकरण घडल्यावर ती शोधत बसणे योग्य नव्हे.

परीक्षेपूर्वी

बाकांवर जुन्या पेपरचा मजकूर लिहिलेला असतो आणि तो कोणी लिहिला हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सत्रापूर्वी बाक पुसून घ्यावेत आणि पुसल्याची नोंद ठेवावी. पंचवीस-तीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या मुलांना मोबाईल घरी ठेवून येण्यास सांगणे व्यवहार्य नाही, कारण परतीच्या गाडीची चौकशी त्यांना त्यावरूनच करावी लागते. मोबाईल बाहेर ठेवण्याची सुरक्षित सोय आणि बिल्ला केंद्राने दिला नाही, तर खिशात राहिलेल्या बंद मोबाईलचा दोष पूर्णपणे विद्यार्थ्यावर टाकणे कठीण जाते.

मुलींची झडती स्त्री पर्यवेक्षकानेच आणि आडोशाला घ्यावी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि अशा उन्हात चेहऱ्याला दुपट्टा बांधून आलेली मुलगी संशयित ठरत नाही. खोलीतील सूचना मराठीतून आणि मोठ्याने वाचून दाखवाव्यात. लेखनिक घेऊन बसणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी व परवानगीपत्रे पर्यवेक्षकाच्या हाती आधीच असावीत, म्हणजे लेखनिकाशी होणारे बोलणे गैरप्रकार म्हणून नोंदवले जाणार नाही.

आणखी एक बाब लहान गावात विशेष महत्त्वाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी कोण कोणाचा भाचा आणि कोणाचे कोणाशी शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्या खोलीत नात्यातला किंवा वैरातला विद्यार्थी आहे, ती खोली पर्यवेक्षकाने आपणहून बदलून घ्यावी आणि केंद्राधिकाऱ्याने कारण न विचारता ती बदलून द्यावी.

संशय आल्यानंतरचा पहिला अर्धा तास

प्रथम आवाज वाढवू नये. पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याजवळ जावे, हालचाल थांबवण्यास सांगावे आणि शेजारच्या खोलीतील पर्यवेक्षकाला किंवा सहकेंद्राधिकाऱ्याला बोलावून घ्यावे. दुसरी व्यक्ती येईपर्यंत कागद जिथे आहे तिथेच राहू द्यावा. तो लपवला किंवा तोंडात घातला जाण्याची शक्यता असेल तेव्हाच आधी ताब्यात घ्यावा आणि तसे का करावे लागले हे लिहून ठेवावे. हिसकाहिसकीत चिठ्ठी फाटली की पुराव्याचे अर्धे मूल्य तिथेच संपते. विद्यार्थ्याशी अरेतुरेची, त्याच्या गावाचा, आश्रमशाळेचा किंवा समाजाचा उल्लेख करणारी भाषा कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ती अपमानास्पद तर असतेच, शिवाय सुनावणीत पर्यवेक्षकाच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा करण्यास तेवढीही पुरते.

त्यानंतर उत्तरपत्रिका ताब्यात घ्यावी. विद्यार्थ्याने जिथवर लिहिले आहे तिथे रेघ मारून वेळ लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि विद्यापीठाचा नियम परवानगी देत असल्यास त्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू द्यावा. नव्या उत्तरपत्रिकेवर ती दिल्याची वेळ नोंदवावी. या कारवाईत त्याची जी मिनिटे गेली, ती नोंदवून भरून देणे न्यायाला धरून आहे, कारण या क्षणी तो केवळ संशयित आहे. नियमात तशी तरतूद नसेल, तर गेलेल्या मिनिटांची नोंद तरी पंचनाम्यात असावीच.

आता पंचनामा. "विद्यार्थी कॉपी करताना आढळला" असे एका ओळीत लिहिलेले पंचनामे चौकशीत फार काळ टिकत नाहीत, कारण ते वाक्य म्हणजे निरीक्षण नसून निष्कर्ष आहे. तेच असे लिहिता येते : "दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी खोली क्रमांक ४ मध्ये, सदर आसन क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या पान ७ खाली, घडी घातलेला व दोन्ही बाजूंनी निळ्या शाईने लिहिलेला एक कागद दिसला. विद्यार्थ्याचा डावा हात त्या कागदावर होता. कागदावरील मजकूर प्रश्नपत्रिकेशी संबंधित आहे किंवा कसे, हे विषयतज्ज्ञाने तपासावे." या वाक्यांत वेळ, जागा, वस्तू आणि हाताची स्थिती आहे. मजकुराबद्दलचा निर्णय योग्य माणसावर सोपवलेला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने भौतिकशास्त्राच्या चिठ्ठीवर "प्रश्न क्रमांक ३ चे उत्तर" असा शेरा मारू नये.

जप्त केलेल्या प्रत्येक कागदावर विद्यार्थ्याची, पर्यवेक्षकाची आणि साक्षीदाराची सही घ्यावी, पाने मोजून संख्या लिहावी आणि पाकीट सर्वांसमोर बंद करावे. गाइडमधून फाडलेले पान असेल तर छापील पृष्ठ क्रमांकही नोंदवावा. तळहातावर किंवा मनगटावर मजकूर असेल तर तेवढ्याच भागाचे छायाचित्र साक्षीदारासमोर घ्यावे. कपडे बाजूला करावे लागतील अशा जागी मजकूर असल्याचा संशय असेल, तर छायाचित्राचा हट्ट न धरता मुलासाठी पुरुष आणि मुलीसाठी स्त्री पर्यवेक्षकाचे लेखी निरीक्षण पुरेसे मानावे.

मोबाईल सापडला तर तो चालू होता की बंद, पडद्यावर काय दिसत होते आणि तो हातात, खिशात की दप्तरात होता, या गोष्टी लगेच लिहाव्यात. पासवर्ड मागून संदेश आणि छायाचित्रे चाळत बसण्याचा अधिकार पर्यवेक्षकपदासोबत मिळत नाही. विद्यार्थी स्वतःहून काही दाखवण्यास तयार असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी आणि तेवढेच पाहावे. एरवी मोबाईल बंद करून पाकिटात ठेवावा व विद्यार्थ्याला पोच द्यावी. प्रश्नपत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरल्याचा गंभीर संशय असेल, तर तो तपास पोलिसांचा आहे आणि पोलिसांत जाण्याचा निर्णय केंद्राधिकाऱ्याने प्राचार्य व विद्यापीठाशी बोलून घ्यावा.

खोलीत सीसीटीव्ही असल्यास त्या दिवसाचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे. यंत्रातील जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि सुनावणीचे पत्र येईपर्यंत हाती काहीच उरत नाही.

सर्वांत अवघड असते ती जमिनीवर पडलेली चिठ्ठी. दोन बाकांच्या मध्ये सापडलेल्या कागदावरून दोन्ही विद्यार्थ्यांची नावे लिहून मोकळे होण्याची पद्धत सोयीची असली, तरी तीत एक निर्दोष विद्यार्थी अडकण्याची शक्यता निम्म्याहून कमी नाही. अशा वेळी बाकांचे साधे रेखाचित्र काढून कागदाची जागा दाखवावी, खिडकी किती अंतरावर आहे ते लिहावे (बाहेरून चिठ्ठ्या फेकणारे अनेक केंद्रांवर असतातच) आणि कागदावरील अक्षर दोघांच्या उत्तरपत्रिकांतील अक्षराशी जुळते का, हे समितीने पाहावे असे नमूद करावे. कोणाशीच संबंध जोडता येत नसेल, तर बेवारस कागद म्हणून नोंद करून थांबावे.

विद्यार्थ्याचा जबाब

जबाब पेपर संपल्यावर घ्यावा. पेपर चालू असताना घेतलेला जबाब घाबरलेल्या मनाचा असतो. विद्यार्थ्याला कोरा कागद देऊन जे घडले ते स्वतःच्या शब्दांत आणि त्याला येईल त्या भाषेत लिहिण्यास सांगावे. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया आणि धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू घरात बोलली जाते. प्रमाण मराठीत लिहिताना अडखळणारा मुलगा काही लपवत आहे असे त्यावरून समजू नये. आवश्यक तर त्याच्या विश्वासातील कोणाला सोबत बसू द्यावे. "मी कॉपी केली, मला माफ करावे" हे वाक्य सांगून लिहून घेणे, किंवा लिहिले नाही तर वर्ष वाया जाईल अशी भीती घालणे, हा जबाब नव्हे. तीच अक्षरे, तोच क्रम आणि तीच चूक असलेले पाच माफीनामे एका केंद्रावरून आले, तर कोणतीही जाणकार समिती ते बाजूला ठेवील.

विद्यार्थ्याने जबाब देण्यास किंवा सही करण्यास नकार दिला तर तो नकार साक्षीदारासमोर नोंदवावा. नकार म्हणजे कबुली नव्हे. शेवटची एसटी चुकेल इतका वेळ कोणालाही थांबवून ठेवू नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत घरी निरोप गेला आहे याची खात्री केंद्राने करावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धच्या २०२४ च्या केंद्रीय कायद्याचा धाक काही जण विद्यार्थ्यांना घालतात. तो कायदा संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे व बँक भरती आणि राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या परीक्षा यांसाठी आहे. महाविद्यालयातील सत्र परीक्षा त्यात येत नाही. विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९८२ पासून आहे. मात्र फौजदारी कारवाई आणि विद्यापीठाची शिस्तविषयक कारवाई या वेगळ्या वाटा आहेत.

उत्तरे सारखी आढळल्यास

मूल्यमापनाच्या वेळी दोन उत्तरपत्रिका शब्दशः जुळतात, तेव्हा संशय स्वाभाविक असतो. ग्रामीण महाविद्यालयात मात्र त्याचे एक अगदी निरुपद्रवी कारण वारंवार निघते. सरांनी वर्गात सांगून लिहून घेतलेल्या नोट्स किंवा बाजारातील एकच गाइड पन्नास मुलांनी पाठ केलेले असते. ते शिक्षण म्हणून कसे आहे हा वेगळा प्रश्न आहे, पण तो गैरप्रकार नाही. म्हणून त्याच केंद्रावरील आणखी आठ-दहा उत्तरपत्रिका काढून तोच परिच्छेद त्यांत आहे का, हे आधी पाहावे. असेल तर स्रोत समान आहे आणि विषय तिथेच संपतो.

तो परिच्छेद फक्त दोघांकडेच असेल, तर बरोबर उत्तरांपेक्षा चुका तपासाव्यात. बरोबर व्याख्या अनेकांची सारखी असू शकते. पण गणिताच्या चौथ्या पायरीवर सारखीच चुकीची आकडेमोड, सारखेच गाळलेले चिन्ह आणि त्यानंतर दोघांनीही अचानक लिहिलेले बरोबर अंतिम उत्तर, हे योगायोगाने सहसा घडत नाही. आसनव्यवस्थेचा तक्ता काढून दोघे एकमेकांना दिसण्यासारख्या जागी होते का ते पाहावे. ते वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर नक्कल नेमकी कोणत्या वाटेने झाली हे सांगता आले पाहिजे. शिवाय कोणी कोणाचे पाहिले हा प्रश्न उरतोच. ज्याचे पाहिले गेले त्याला ते ठाऊक नसणेही शक्य आहे, म्हणून दोघांना एकच शिक्षा देण्यापूर्वी दोघांना वेगवेगळे बोलावून त्या उदाहरणाची पायरी समजावून देण्यास सांगावे. हे बोलणे इंग्रजीतून घेऊ नये. समितीपुढे दडपून गप्प बसणारा विद्यार्थी आणि उत्तर न येणारा विद्यार्थी यांतला फरक ओळखण्यासाठी त्याला पाणी, थोडा वेळ आणि दुसरा एखादा सोपा प्रश्न द्यावा.

असाइनमेंट, प्रकल्प आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत साम्याच्या पातळ्या दिलेल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य मानले जाते व दंड नाही. दहापेक्षा अधिक ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. चाळीसपेक्षा अधिक ते साठ टक्के असल्यास एक वर्ष सादरीकरणास मनाई होते आणि साठच्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, योग्य श्रेय दिलेली अवतरणे, प्रमाण समीकरणे, कायद्यांचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले जाते.

हे टक्के पदव्युत्तर व संशोधन स्तरावरील प्रबंध आणि तत्सम लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्या विनियमांतील व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. त्यामुळे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटवर सॉफ्टवेअरने बेचाळीस टक्के दाखवले म्हणून आयोगाचा हवाला देऊन शिक्षा करता येत नाही. तिथे महाविद्यालयाचा स्वतःचा लेखी नियम हवा आणि तो विद्यार्थ्यांना काम देतानाच सांगितलेला हवा. अशा प्रकरणांत पुन्हा लिहून आणण्यास सांगणे बहुधा पुरेसे असते.

लेखन कृत्रिम बुद्धिमत्तेने केले आहे असे सांगणाऱ्या साधनांवर केवळ विसंबून मात्र कधीही निर्णय घेऊ नये. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन आणले आणि अचूकता कमी असल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल परीक्षेच्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. मोजकी शब्दसंपत्ती आणि साधी वाक्यरचना हे त्याचे कारण होते. आर्णी किंवा कोरचीच्या महाविद्यालयातील मुलाचे इंग्रजी नेमके तसेच असते. संशय असल्यास कच्चे टिपण मागावे, दहा मिनिटे त्याच विषयावर बोलावे आणि त्याने वर्गात लिहिलेल्या मजकुराशी तुलना करावी.

सुनावणी

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या शिक्षण मंडळाविरुद्धच्या घनश्याम दास गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले, की गैरमार्गाचा आरोप ठेवून निकाल रद्द करणारी समिती न्यायिक स्वरूपाचे काम करते आणि म्हणून विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. ही संधी नावापुरती असू नये. नोटिशीत नेमका आरोप, दिनांक, विषय, आसन क्रमांक आणि कोणत्या नियमाखाली कारवाई होत आहे हे मराठीत लिहिलेले असावे. पंचनामा, जबाब आणि चिठ्ठीची प्रत सोबत जोडावी. केवळ "दि. अमुक रोजी उपस्थित राहावे" असे पत्र म्हणजे नोटीस नव्हे.

सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि धारणीहून अमरावतीला जाण्यास घाट उतरून अर्धा दिवस लागतो. सकाळी दहाची वेळ देणे म्हणजे आदल्या दिवशी निघून मुक्काम करण्यास सांगणे होय. अशा विद्यार्थ्यांसाठी दुपारची वेळ द्यावी किंवा त्यांच्याच महाविद्यालयातून दूरचित्रसंवादाने सुनावणी घ्यावी. नोटीस टपालाने, महाविद्यालयामार्फत आणि दूरध्वनीवर, अशा तिन्ही मार्गांनी द्यावी, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत घरी दिवसा कोणी सापडत नाही.

प्रकरण नोंदवणारा पर्यवेक्षक साक्ष देऊ शकतो, पण निर्णय घेणाऱ्यांत बसू शकत नाही. समितीने आधी विद्यार्थ्याचे ऐकावे आणि मग प्रश्न विचारावेत. पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या गुणपत्रकांतील फेरफारांविषयीच्या १९९१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा चौकशीस संभाव्यतेच्या वजनाची, म्हणजे आरोप खरा असण्याची शक्यता अधिक दिसते का, ही कसोटी लावली, पण संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही हेही बजावले. सामूहिक कॉपीची बाब निराळी आहे. बिहारमधील हंसवाडीह केंद्राच्या १९७० च्या प्रकरणात संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करून पुन्हा घेताना प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी आवश्यक नाही असे न्यायालयाने म्हटले, कारण तिथे कोणाही एका विद्यार्थ्यावर ठपका ठेवलेला नव्हता. केंद्र रद्द करायचे आणि शिवाय दहा जणांना दोषीही ठरवायचे असेल, तर त्या दहा जणांना सुनावणी द्यावीच लागते.

निर्णय आणि त्यानंतर

निर्णयपत्रात विद्यार्थ्याचा खुलासा काय होता, तो का मान्य किंवा अमान्य केला, आणि शिक्षा तक्त्यातील कोणत्या नोंदीनुसार दिली, या तीन गोष्टी नसतील तर ते पत्र अपिलात टिकणे कठीण आहे. वापरलेली चिठ्ठी आणि खिशात विसरलेला बंद मोबाईल यांना एकाच मापाने मोजू नये. पहिलीच वेळ आहे का, मजकुराचा उपयोग उत्तरात झाला का आणि इतरांना गोवले गेले का, हे पाहावे. निकाल महिनोन्‌महिने राखीव ठेवल्यास पुढील प्रवेश आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज दोन्ही हुकतात. ही शिक्षा कोणत्याही तक्त्यात नाही आणि ती निर्दोष विद्यार्थ्यालाही भोगावी लागते, म्हणून प्रकरणे पुढच्या सत्राच्या प्रवेशापूर्वी निकाली काढावीत.

पत्राच्या शेवटी दाद कोठे मागावी हे लिहावे. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या निर्णयावर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील अशी व्यवस्था आहे. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे २०११ पासून ठरलेले आहे.

आरोप सिद्ध झाला नाही तर पत्रात तेवढेच स्पष्ट शब्द असावेत. "समज देऊन सोडण्यात येत आहे" असे मोघम लिहू नये, कारण समज दोषीलाच दिली जाते. जप्त केलेली उत्तरपत्रिका आणि नंतर दिलेली उत्तरपत्रिका या दोन्ही एकत्र तपासून गुण द्यावेत, मोबाईल पोच घेऊन परत करावा आणि सूचनाफलकावर विद्यार्थ्याचे नाव लागले असेल तर निर्दोष ठरल्याची सूचना त्याच फलकावर तितकेच दिवस लावावी.